तरंगमबाडी : एका शांत बंदराचे अर्थकारण

तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, कारैकालच्या उत्तरेस, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात तरंगमबाडी हे छोटेसे नगर वसले आहे. गाणाऱ्या लाटांचे गाव, असा त्याच्या नावाचा अर्थ सांगितला जातो. युरोपीय कागदपत्रांत ते 'ट्रांकेबार' या नावाने आढळते. पूर्वी नागपट्टिनम जिल्ह्यात असलेले हे नगर २०२० मध्ये निर्माण झालेल्या मयिलादुथुराई जिल्ह्यात समाविष्ट झाले. समुद्राकाठचा डान्सबोर्ग किल्ला, १७९२ मधील नगरवेस आणि निवांत रस्ते पाहून येथे काळ थांबला आहे, असे प्रवाशाला वाटते. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने मात्र एवढ्यावर समाधान मानू नये. ही शांतता निसर्गदत्त नसून व्यापारमार्ग, युद्धे आणि लोहमार्गविषयक निर्णय यांतून ती घडत गेली आहे.

डॅनिश वसाहतीचा उदय

युरोपीय येण्यापूर्वी येथे काहीच नव्हते, हा समज चुकीचा आहे. किनाऱ्यावरील मासिलामणिनाथर मंदिर चौदाव्या शतकाच्या प्रारंभी पांड्य राजा मारवर्मन कुलशेखर याच्या काळात उभारले गेले. त्याचा बराचसा भाग पुढे समुद्राने गिळंकृत केला. १६१६ मध्ये डॅनिश ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली आणि १६२० मध्ये ओव्हे गेड्डे याने तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून वार्षिक खंडणीच्या बदल्यात येथे व्यापाराचा व किल्ला बांधण्याचा हक्क मिळविला. मिरी हे मुख्य आकर्षण होते. पुढे कापडाचे महत्त्व वाढले.

भांडवलाचा तुटवडा हा या कंपनीचा कायमचा आजार होता. १६४० च्या सुमारापासून १६६९ पर्यंत डेन्मार्कहून एकही जहाज येथे पोहोचले नाही. तरीही आशियांतर्गत व्यापार आणि स्थानिक व्यापाऱ्यांशी असलेले संबंध यांच्या बळावर वसाहत तग धरून राहिली. दरम्यान तंजावरात नायकांची सत्ता संपून १६७० च्या दशकात व्यंकोजीराजे भोसले यांची सत्ता आली, आणि डॅनिशांना यापुढे मराठी दरबाराशी व्यवहार करावा लागला.

मुद्रणालय आणि तंजावर

१७०६ मध्ये बार्थोलोम्यू झिगेनबाल्ग व हाइनरिश प्लुत्शाऊ हे जर्मन धर्मोपदेशक डॅनिश राजाच्या आश्रयाने येथे आले. त्यांच्या मुद्रणालयातून तमिळ नवा करार १७१५ पर्यंत छापून पूर्ण झाला. परीक्षार्थींकडून येथे हमखास एक चूक होते : भारतातील पहिले मुद्रणालय तरंगमबाडीचे नव्हे. ते गोव्यात १५५६ मध्ये आले, आणि तमिळ लिपीतील पुस्तकही १५७८ मध्येच कोल्लम येथे छापले गेले होते. तरंगमबाडीचे वेगळेपण दीर्घकाळ चाललेल्या तमिळ ग्रंथनिर्मितीत आहे.

याच परंपरेतील ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ १७५० मध्ये येथे उतरले आणि पुढे तंजावरच्या सरफोजीराजांचे (दुसरे) शिक्षक व पालक झाले. १७९८ मध्ये गादीवर आलेल्या या राजाने तंजावरात देवनागरी मुद्रणालय काढले. इसापनीतीचा 'बालबोध मुक्तावली' हा मराठी अवतार तेथे १८०६ मध्ये छापला गेला. मराठी मुद्रणाच्या इतिहासात या लहानशा बंदराची आठवण ठेवली जात नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

तटस्थ ध्वजाचा नफा

१७७७ मध्ये वसाहतीचा कारभार कंपनीकडून डॅनिश राजसत्तेकडे गेला. पाठोपाठ इंग्रज, फ्रेंच व डच यांच्यात युद्ध पेटले. युद्धमान राष्ट्रांची जहाजे धोक्यात असताना तटस्थ डॅनिश ध्वजाखाली माल नेणे सुरक्षित होते. इतकेच नव्हे, तर इंग्रज कंपनीच्या नोकरांनी खासगीरीत्या कमावलेली संपत्तीही याच मार्गाने युरोपात पोहोचविली जाई. नगराची भरभराट उत्पादनातून नव्हे, तर इतरांच्या भांडणातून झाली. अशा नफ्याचे आयुष्य तटस्थतेइतकेच असते. डेन्मार्क स्वतः नेपोलियनकालीन संघर्षात ओढला गेला, आणि १८०१ मध्ये व पुन्हा १८०८ ते १८१५ या काळात इंग्रजांनी बंदर ताब्यात ठेवले. त्यानंतर व्यापार सावरला नाही. १८४५ मध्ये डेन्मार्कने तरंगमबाडी व बंगालमधील श्रीरामपूर साडेबारा लाख रुपयांना ईस्ट इंडिया कंपनीला विकले. (निकोबार बेटांवरील हक्क मात्र १८६८ पर्यंत सोडला नव्हता.)

बंदराचे भवितव्य त्याच्या पृष्ठप्रदेशावर अवलंबून असते, हे सूत्र यापुढे स्पष्ट दिसते. १८४५ पासून जिल्हाधिकाऱ्यांचे मुख्यालय तरंगमबाडीत होते. ते १८६० मध्ये हलले. १८६१ मध्ये लोहमार्ग नागपट्टिनमला जोडला गेला आणि कावेरीच्या खोऱ्यातील माल तिकडे वळला. मयिलादुथुराईहून तरंगमबाडीपर्यंत रेल्वेचा फाटा आला तो १९२६ मध्ये, म्हणजे बंदराचा व्यापार संपल्यावर. १९८६ मध्ये तोही बंद पडला.

किनारा कोणाचा?

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तत्कालीन नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तरंगमबाडीतील मच्छीमार वस्तीचीही मोठी हानी झाली. मार्च २००५ मधील राज्य शासनाच्या आदेशाने भरतीरेषेजवळच्या कुटुंबांना किनाऱ्यापासून दूर पक्की घरे देऊ केली. त्यासाठी जुनी जागा सोडणे आवश्यक होते. दोनशे मीटरच्या आत राहू इच्छिणाऱ्यांना घरबांधणीचे साहाय्य नाकारण्यात आले. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे तर्कसंगत होते. परंतु मच्छीमाराला किनारा हा निवाऱ्याबरोबरच उत्पादनाचे साधनही असतो : नाव ओढून ठेवणे, जाळी विणणे, मासळी वाळविणे आणि लिलाव करणे ही कामे तेथेच होतात. घर दूर गेले की जाण्यायेण्याचा वेळ व खर्च वाढतो, आणि मासळी विकणाऱ्या स्त्रियांना त्याची झळ अधिक पोहोचते.

याच काळात जुन्या डॅनिश व तमिळ घरांचे जतन होऊन वारसा पर्यटनास चालना मिळाली. किनारपट्टी नियमन क्षेत्राची १९९१ ची अधिसूचना २०११ व २०१९ मध्ये बदलली; दाट लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर विकासनिषिद्ध पट्टा २०१९ मध्ये दोनशेवरून पन्नास मीटरवर आणला गेला. म्हणून मुख्य परीक्षेत किनारी विकासाचा प्रश्न आल्यास पर्यटकांची संख्या आणि रोजगार एवढेच मांडून थांबू नये. पर्यटकाला हवी असलेली शांतता आणि पहाटेच्या मासळी लिलावाचा गलबला एकाच वाळूवर असतात; मच्छीमाराने सोडलेल्या जागेचे पुढे काय होते, तिचे मूल्य वाढले तर ते कोणाच्या पदरात पडते, याची नोंद उत्तरात अवश्य असावी.