४.३ भूजलाचे मूळ आणि वय : समस्थानिकांची साक्ष

प्रस्तावना

विहिरीतील पाण्याची पातळी दोरीने मोजता येते. परंतु ते पाणी कोठून आले आणि जमिनीत केव्हा मुरले, हे पातळीवरून कळत नाही. या दोन प्रश्नांची उत्तरे समस्थानिके कशी देतात, ते या उपघटकात आपण पाहणार आहोत.

मूळ कसे ओळखतात?

एकाच मूलद्रव्याच्या, परंतु भिन्न वस्तुमानाच्या अणूंना समस्थानिके म्हणतात. निसर्गातील ऑक्सिजनच्या दर ५०० अणूंमागे सुमारे एक अणू ऑक्सिजन-१८ या जड प्रकारचा असतो. असे जड अणू असलेल्या पाण्याची वाफ सावकाश होते आणि ढगातून ते आधी गळते. म्हणून समुद्रापासून दूर किंवा थंड हवामानात पडलेला पाऊस ‘हलका’ असतो. उघड्यावर आटत गेलेले पाणी ‘जड’ होते. पाणी मुरल्यावर हे प्रमाण सहसा टिकून राहते.

वय कसे ठरवितात?

यासाठी किरणोत्सारी समस्थानिके उपयोगी पडतात. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे असल्याने ते अलीकडचे पाणी ओळखून देते. कार्बन-१४ (५,७३० वर्षे) काही दहा हजार वर्षांपर्यंत चालते. मात्र चुनखडीतील जुना कार्बन मिसळल्यास पाणी आहे त्याहून वृद्ध भासते, म्हणून दुरुस्ती करावी लागते. त्याहून प्राचीन पाण्यासाठी क्रिप्टॉन-८१ (सुमारे २,२९,००० वर्षे) वापरतात.

उदाहरण : न्युबियन वालुकाश्म

इजिप्त, लिबिया, सुदान आणि चाड या देशांखाली हा विस्तीर्ण जलधर खडक आहे. वर पाऊस जवळजवळ नाही. तरी खार्गा, दाखला येथील मरूद्यानांत पाणी आहे. ते नाईल नदीतून झिरपते काय? तसे असते, तर दरवर्षीच्या पुराबरोबर त्याची भरपाई झाली असती. परंतु हे पाणी नाईलच्या पाण्याहून स्पष्टपणे ‘हलके’ आढळले. ते पूर्वीच्या आर्द्र कालखंडांतील पावसाचे आहे. इजिप्तच्या पश्चिम वाळवंटातील विहिरींचे क्रिप्टॉन-८१ मापन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात वय सुमारे २ लाख ते १० लाख वर्षे आले.

या निष्कर्षाचे महत्त्व ध्यानात घ्या. येथून उपसलेले पाणी मानवी काळाच्या मापाने परत येणार नाही. त्याचा हिशेब नदीसारखा नव्हे, तर खाणीसारखा ठेवावा लागतो. लिबियाची ‘महान मानवनिर्मित नदी’ ही जलवाहिनी योजना याच साठ्यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. २०१३ मध्ये चारही देशांनी या जलधराच्या व्यवस्थापनासाठी संयुक्त कृती-आराखड्यावर स्वाक्षऱ्या केल्या.

सारांश

स्थिर समस्थानिके पाण्याचे मूळ सांगतात, किरणोत्सारी समस्थानिके त्याचे वय. दोन्ही मिळून उपसा किती काळ चालेल, याचा विचार करता येतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. आटलेल्या तलावाचे पाणी ‘जड’ का होते?
२. विहिरीत ट्रिटियम आढळले नाही, तर उपशाविषयी तुम्ही कोणता सल्ला द्याल? कारण लिहा.