घरची कुरकुरीत वडी आणि गुळाचा हिशोब

शाळेच्या डब्यात, कचेरीतल्या टेबलाच्या खणात, एवढेच काय, औषधांच्या दुकानातसुद्धा हल्ली एक चकचकीत वेष्टनातला पदार्थ दिसतो. त्याचे नाव ग्रॅनोला बार. वेष्टनावर ओट्सची कणसे, मधाची धार आणि ‘एनर्जी’, ‘फायबर’ असे शब्द असतात. मुलगा बिस्किटांऐवजी हा बार खातो म्हणून आई निश्चिंत असते. वाचकहो, ही निश्चिंती कितपत खरी आहे आणि असाच पदार्थ घरी कमी गोड पण तितकाच कुरकुरीत कसा करता येईल, याचा आज विचार करू.

हा पदार्थ मूळचा आरोग्यालयातलाच. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील डॅन्सव्हिल येथे डॉ. जेम्स केलेब जॅक्सन यांनी १८६३ साली कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाच्या भाकऱ्या भाजून, फोडून, पुन्हा भाजून एक खाद्य तयार केले. त्याला ते ‘ग्रॅन्युला’ म्हणत. ते इतके टणक असे, की रात्रभर भिजवल्याशिवाय खाता येत नसे. पुढे बॅटल क्रीकच्या डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी तसेच खाद्य काढले आणि नावावरून वाद झाल्यावर ‘ग्रॅनोला’ असा बदल केला. त्याची गोड, कुरकुरीत वडी बाजारात आली ती १९७० च्या दशकात. म्हणजे कोंड्याचा कोरडा पदार्थ शंभर वर्षांत मिठाईच्या जवळ जाऊन बसला, पण नाव मात्र पथ्याचे राहिले.

दुकानात वेष्टनाची पुढची बाजू पाहू नका, मागची वाचा. घटकपदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. पहिले नाव ओट्सचे दिसले की आपण खूष होतो. पण त्याखाली साखर, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, मध, माल्टोडेक्स्ट्रिन असे चार-पाच गोड पाहुणे वेगवेगळ्या नावांनी बसलेले असतात. प्रत्येकाचे वजन थोडे, म्हणून नाव खाली. सगळ्यांची बेरीज केली तर कित्येकदा तीच पहिली ठरेल. पोषणाच्या तक्त्यात ‘ॲडेड शुगर’ म्हणजे वरून घातलेली साखर किती, तो आकडा पाहा. समजा १०० ग्रॅमला २८ ग्रॅम लिहिली आहे आणि बार ४० ग्रॅमचा आहे, तर एका बारमधून ११ ग्रॅम साखर पोटात गेली. सव्वादोन चमचे झाले! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार अशी साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि ५ टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक चांगले. दोन हजार कॅलरी घेणाऱ्या मोठ्या माणसाला ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. यात मधही धरलेला आहे.

इथेच आपली खरी गफलत होते. मधुमेहाच्या एक आजी तपासणीला आल्या, साखर वाढलेली. खाण्याची चौकशी केली तर म्हणाल्या, “डॉक्टर, साखरेचा कणसुद्धा खात नाही हो. सूनबाई गुळाची वडी करते, तीच रोज दोन-तीन खाते.” गुळात लोह आणि इतर क्षार थोडेफार असतात, हे खरे. पण १०० ग्रॅम गुळात सुमारे ३८० कॅलरी असतात आणि साखरेत ४०० च्या आसपास. रक्तातली साखर वाढवण्याच्या कामात गूळ साखरेचा सख्खा भाऊ आहे. मध, काकवी आणि खजुराचा गर यांचीही गणती त्याच घरात. म्हणून घरची वडी चांगली ठरते ती गुळामुळे नव्हे, गूळ किती घालायचा हे आपल्या हातात असते म्हणून.

शेंगदाण्याच्या चिक्कीत बहुतेक घरी दाण्यांच्या जवळजवळ बरोबरीने गूळ घालतात. कुरकुरीतपणा गोडामुळे येतो अशी समजूत असते. तो येतो पाणी उडून गेल्यामुळे. धान्य आणि दाणे नीट भाजले, पाक पुरता कडक झाला, की कमी गुळातही वडी खणखणीत होते. एकत्र धरून ठेवायला जे कमी पडते, ते काम दाण्याच्या कुटातले तेल करते.

आता प्रमाण सांगतो. जाड ओट्स १५० ग्रॅम (दोन मिनिटांत शिजणारे नकोत, त्यांचा भुगा होतो), शेंगदाणे ७५ ग्रॅम, तीळ ३० ग्रॅम, जवस २० ग्रॅम, राजगिऱ्याच्या लाह्या २५ ग्रॅम, चिरलेला गूळ १२० ग्रॅम, तूप २० ग्रॅम, दोन मोठे चमचे पाणी, चिमूटभर मीठ आणि आवडीप्रमाणे सुंठ किंवा वेलची. ओट्स नको असतील तर जाड पोहे किंवा ज्वारीच्या लाह्या चालतील. त्यासाठी परदेशी धान्य आणायलाच हवे असे मुळीच नाही.

ओट्स मंद आचेवर दहा-बारा मिनिटे, बोटांत चुरले की तुटतील इतके भाजा. दाणे वेगळे भाजून साले काढा, अर्धे जाडसर ठेवा आणि अर्ध्यांचा तेल सुटू लागेपर्यंत कूट करा. तीळ आणि जवस तडतडले की लगेच उतरवा, जवस करपला तर कडू लागतो. तो थोडा भरड करा. अख्खे जवस पुष्कळदा न पचताच बाहेर पडते. मग हे सगळे एका मोठ्या कढईत एकत्र करून अगदी बारीक आचेवर गरम ठेवा. ही पायरी गाळू नका. थंड धान्यावर गरम पाक पडला की तो तिथेच गोळा होऊन बसतो आणि मग ‘गूळ कमी पडला’ म्हणून आपण पुढच्या वेळी वाढवतो.

दुसऱ्या भांड्यात तूप, गूळ आणि पाणी घालून पाक करा. थेंब गार पाण्यात टाकून पाहा. मऊ गोळी झाली तर वडी चिवट होईल. थेंब कडक होऊन ‘कट्’ आवाज करीत तुटला की पाक झाला. लगेच कढईत ओता, भराभर हलवा, तूप लावलेल्या ताटात पसरा आणि वाटीच्या बुडाने जोर लावून दाबा. दाबण्यात कसूर केली तर वडीचा चिवडा होतो. (चिवडाही वाईट नसतो, दह्यावर घालून खा.) गरम असतानाच सुरीने सोळा तुकड्यांच्या रेघा पाडा.

पाक करताना लहान मुलांना ओट्यापासून दूर ठेवा. हा पाक उकळत्या पाण्यापेक्षा पुष्कळ जास्त तापलेला असतो आणि कातडीला चिकटतो. भाजलेच तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे हात धरा. टूथपेस्ट, तूप, हळद यांतले काही लावू नका.

या हिशोबाने एक वडी साधारण २७ ग्रॅमची होते. तिच्यात सव्वाशेच्या आसपास कॅलरी, तीन ग्रॅम प्रथिने आणि साडेसात ग्रॅम गूळ असतो. म्हणजे ही वडी दीड चमचा साखरेच्या तोडीची आहे. खेळून आलेल्या मुलाला एक वडी आणि एक फळ, हा छान खाऊ झाला. मधुमेह असलेल्यांनी खायचीच तर अर्धी खावी आणि तीही बिस्किटाच्या जागी, त्याच्या जोडीला नव्हे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. इन्सुलिन किंवा गोळ्यांमुळे साखर एकदम उतरून घाम, थरथर, चक्कर सुरू झाली, तर ही वडी तोंडात घालू नका. तिच्यातले तेल आणि चोथा यांमुळे साखर रक्तात सावकाश चढते. अशा वेळी रोगी शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यायचे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे.

ओट्स खाऊन कोलेस्टेरॉल उतरते असे पुष्कळांनी वाचलेले असते. त्यातला बीटा-ग्लुकान हा विद्राव्य चोथा रोज सुमारे ३ ग्रॅम मिळाला तर उपयोग होतो. आपल्या एका वडीत ओट्सच नऊ ग्रॅम आहेत, त्यात बीटा-ग्लुकान अर्धा ग्रॅमही भरत नाही. त्यासाठी सकाळी वाटीभर ओट्सचा उपमा खावा, वडीवर भार टाकू नये. तसेच हिमोग्लोबिन सात असलेल्या सुनेला गूळ-शेंगदाण्यावर सोपवू नका. तिला लोहाच्या गोळ्या लागतात आणि रक्त कमी का झाले याचा तपासही लागतो. वडीतल्या लोहाचा फायदा व्हावा असे वाटत असेल तर तिच्याबरोबर आवळा किंवा पेरू खावा, चहा तासभर लांब ठेवावा.

शेंगदाणे मात्र निवडून घ्या. सुरकुतलेले, काळपट, खवट किंवा बुरशीचा वास येणारे दाणे सरळ फेकून द्या. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते, ते यकृताला घातक असते आणि भाजल्याने पूर्ण नाहीसे होत नाही. स्वस्त मिळाले म्हणून कुंद हवेतले दाणे पोत्याने भरू नयेत. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे किंवा अर्धे दाणे असलेली कडक वडी देऊ नका, दाणा श्वासनलिकेत अडकतो. त्यांच्यासाठी दाण्यांचा बारीक कूट वापरून गोळी पाकाचा मऊ लाडू वळा. गुळाऐवजी मध वापरणार असाल तर वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातला कणही चाटवू नका. मधातून बोटुलिझम नावाचा गंभीर आजार तान्ह्या मुलांना होऊ शकतो. शेंगदाणे किंवा तिळाने ज्यांच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, त्यांनी या वडीच्या वाटेला जाऊ नये. मूत्रपिंडाच्या रोग्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये.

वड्या पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. कोमट भरल्या तर वाफ धरते आणि कुरकुरीतपणा जातो. गूळ हवेतला ओलावा ओढतो, म्हणून पावसाळ्यात अर्धेच प्रमाण करावे आणि आठवड्यात संपवावे. मऊ पडल्या तर जाड तव्यावर मंद आचेवर पाच मिनिटे ठेवून गार होऊ द्या, पुन्हा कडक होतात. खाल्ल्यावर खळखळून चूळ भरावी, कारण दाढांच्या फटीत हा गूळ फार वेळ चिकटून राहतो. आणि कवळी असलेल्या आजोबांनी वडी दुधात कुस्करून खावी.