मालाचे भाडे : दर विचारण्याआधी वजन समजून घ्या

चामडे विकत घेताना आपला कारागीर तासभर घासाघीस करतो. अस्तर, चेन, बक्कल यांचा पै-पैचा हिशेब ठेवतो. माल तयार झाला की मात्र ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे किंवा कोपऱ्यावरच्या कुरिअरकडे जातो, सांगतील ते भाडे देतो आणि बिल्टी खिशात घालतो. "किलोला काय घेता?" एवढाच त्याचा प्रश्न असतो. आमच्या मते हा प्रश्न अपुरा आहे. किलो कोणता धरणार, हे आधी विचारले पाहिजे.

कुरिअर कंपन्या दोन वजने काढतात. एक काट्यावरचे, दुसरे आकारमानाचे. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करायचा आणि त्याला बहुधा ५००० ने भागायचे, म्हणजे आकारमानाचे वजन किलोत येते. दोहोंपैकी जे जास्त, त्यावर भाडे. गाडीत किंवा विमानात जागा अडते, त्या जागेचे हे पैसे असतात.

धारावीत बनलेल्या लेडीज पर्सचा एक खोका घ्या. माप ६० × ४५ × ४० सेंटिमीटर, काट्यावर वजन ९ किलो. गुणाकार १,०८,०००, त्याला ५००० ने भागले की २१.६. बिलात तो २२ किलो होतो. किलोला ६० रुपये दर धरला (हा आकडा केवळ हिशेबापुरता), तर ५४० रुपयांऐवजी १,३२० रुपये भरावे लागतात. आता पर्समध्ये कोंबलेला कागद काढला, त्या चपट्या रचल्या आणि तोच माल ५० × ४० × ३० च्या खोक्यात बसवला, तर आकारमानाचे वजन १२ किलो आणि भाडे ७२० रुपये. एका खोक्यामागे ६०० रुपये वाचले. कडक फ्रेमच्या पर्सला अर्थात हे चालणार नाही, ती दबली तर गिऱ्हाईक परत पाठवील.

भाजक सगळीकडे ५००० च असतो असे नाही. हवाई मालाला ६००० ही धरतात. ट्रकने जाणाऱ्या मालाचा हिशेब पुष्कळदा घनफुटावर असतो, आणि एका घनफुटाला किती किलो धरायचे हे प्रत्येक कंपनीचे वेगळे. म्हणून दोन ठिकाणचे नुसते किलोचे दर शेजारी ठेवून काही कळत नाही. बिल्टीचा खर्च, डिझेलचा अधिभार, हमाली, घरपोच देण्याचे पैसे, आडगावचे जादा पैसे आणि जीएसटी धरून एका ठरावीक खोक्याचे एकूण किती होतील, ते लेखी मागावे.

किमान वजनाची अट छोट्या माणसाला फार जाचते. ६ किलोचा डाग पाठवायचा आणि २० किलोचे भाडे द्यायचे! इथे एकट्याने बोलून उपयोग होत नाही. एका गल्लीतले आठ-दहा कारखानदार मिळून महिन्याचा एकूण माल किती आणि कोणत्या शहरांना जातो याची यादी करून गेले, तर किमान वजन व दर दोन्ही खाली येऊ शकतात. मात्र दर एकत्र ठरवावा, बिल्टी ज्याची त्याच्या नावावर असावी. एकाच्या नावावर सगळ्यांचा माल घातला, तर बिलांचा घोळ होतो आणि नुकसान झाल्यावर भांडण मित्रामित्रांत लागते.

नुकसानीची बाजू तर बहुतेकांना ठाऊकच नसते. रस्त्याने जाणाऱ्या मालाला २००७ चा रस्ते वाहतूक कायदा लागू आहे, आणि त्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे वाहतूकदाराची जबाबदारी सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहा पटीपर्यंतच आहे. ४०,००० रुपयांचा माल ५०० रुपये भाड्याने पाठवला आणि तो गहाळ झाला, तर हाती फार तर ५,००० येतील. कारागिराचे दोन महिन्यांचे भांडवल त्यात बुडू शकते. किंमत जाहीर करून जादा जोखमीचा दर भरल्यास ही मर्यादा राहत नाही. तो दर किती, हे बुकिंगच्या खिडकीवर विचारा, किंवा स्वतंत्र विमा घ्या. बिल्टीवर 'मालकाच्या जोखमीवर' असा शिक्का आहे का, तेही तिथेच पाहून घ्यावे.

दावा लावायचा असेल, तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस गेलेली असली पाहिजे. "बघतो, करतो" या फोनवरच्या आश्वासनांत ही मुदत निघून जाते. माल घेणाऱ्या व्यापाऱ्यालाही आधीच सांगून ठेवा की डाग फुटलेला दिसला किंवा नग कमी भरले, तर पोचपावतीवर तसे लिहूनच सही करावी, आणि खोका उघडण्याआधी त्याचा फोटो काढावा.