वाइन मुरवायची? आधी खर्चाचा हिशेब

जुनी ती चांगली, या भरवशावर सात-आठशेची बाटली पाच वर्षं कपाटात ठेवणारे पुष्कळ भेटतात. बहुतेक वाइन दोन-तीन वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच केलेली असते. मुरवायचीच असेल तर लाकडी पिंपात राहिलेली, तुरट रेड घ्या. अकलूजच्या फ्रातेल्लीची ‘सेत्ते’ किंवा नाशिकच्या सुलाची ‘रासा’ चालेल. किंमत साधारण दीड ते अडीच हजार. लेबलवरचं वर्ष द्राक्षं काढल्याचं असतं. एकाच वर्षाच्या ३ बाटल्या घ्या.

बाटल्यांचे झाले साडेचार ते साडेसात हजार. खरा खड्डा पुढे आहे. वाइनला १२ ते १५ अंशांचं स्थिर तापमान आणि अंधार लागतो. बुचाची बाटली आडवी ठेवावी लागते. मे महिन्यातलं आपलं कपाट तिला उकडून काढतं. १२ बाटल्यांचा छोटा वाइन-फ्रीज १५ ते ३० हजारांना पडतो, शिवाय वर्षभर वीज. तीन बाटल्यांपायी तो घेणं म्हणजे हौसच, आणि हौसेला मोल नसतं हे दुकानदारालाही ठाऊक असतं.

पहिली बाटली लगेच उघडा, चव-रंग लिहून ठेवा. दुसरी दोन वर्षांनी. आदल्या दिवशी उभी ठेवली की गाळ तळाशी बसतो. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा: कडेचा जांभळा रंग विटकरीकडे झुकला, तर वाइन मुरू लागली. ताज्या फळांच्या वासाची जागा सुकं अंजीर, तंबाखू, चामडं घेतात, हिरड्या आवळणारा तुरटपणा मऊ होतो. फळ पार गेलं आणि नुसता आंबटपणा उरला, तर वेळ टळली. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र वयाचा नव्हे, खराब बुचाचा. बिल जपलं असेल तर दुकानात विचारून पाहा.

अर्धी बाटली बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी चाखा. ही चाचणी फुकट आहे आणि मला सगळ्यांत भरवशाची वाटते. चव खुलली असेल तर तिसरी बाटली आणखी दोन वर्षं थांबू शकते. पडली असेल तर त्याच आठवड्यात पाहुणे बोलवा.

थंड साठवणीची सोय नसेल, तर मुरवण्याच्या भानगडीत पडू नका. तेच पैसे नाशिकच्या एखाद्या वाइनरीत चव घेण्यावर खर्च करा. जाण्याआधी फोन करून जुन्या वर्षाची बाटली उघडतात का, तेवढं विचारा.