संकल्प आणि मनाशी संवाद

दिवसभरात आपण सर्वांत जास्त कोणाशी बोलतो? स्वतःशी! आपला संकल्प टिकणार की मोडणार, हे पुष्कळदा याच बोलण्यावर ठरते.

मी बंगळूरूला बसवनगुडीत राहून वाणिज्य शाखेत शिकतो. रोज सकाळी सहा ते सात मराठी अनुवादाची सेवा करायची, असा संकल्प मी केला होता. नेमके तेव्हाच मित्र म्हणायचे, “चल, गांधी बाजारात डोसा खाऊ.” मी म्हणायचो, “मला जमणार नाही रे.” चौथ्या दिवशी मीही त्यांच्यासोबत होतो. परतल्यावर मन म्हणाले, “तुझ्याकडून काहीच पूर्ण होत नाही.” त्यानंतर तीन आठवडे मी वही उघडली नाही.

या अनुभवातून तीन गोष्टी शिकता येतात.

१. बंधन नको, निवड हवी
व्हेनेसा पॅट्रिक आणि हेन्रिक हॅगट्वेट यांचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मोहाच्या वेळी काही विद्यार्थ्यांनी ‘मला खाता येत नाही’ असे म्हणायचे होते, तर काहींनी ‘मी खात नाही’ असे. नंतर चॉकलेट आणि पौष्टिक वडी समोर ठेवली. पहिल्या गटातील ३९ टक्के, तर दुसऱ्या गटातील ६४ टक्के विद्यार्थ्यांनी पौष्टिक वडी घेतली. ‘येत नाही’ म्हटले की कोणीतरी अडवल्यासारखे वाटते. ‘मी खात नाही’ हा आपला स्वतःचा निर्णय असतो.

२. मनाला हाक मारा
समर्थ रामदासस्वामींनी ‘मनाचे श्लोक’ मनालाच उद्देशून लिहिले आणि त्याला ‘सज्जन’ म्हटले. मिशिगन विद्यापीठाचे ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनाही २०१४ मध्ये आढळले की, ताणाच्या प्रसंगी ‘मी’ऐवजी स्वतःला नावाने संबोधणारे अधिक शांत राहतात. थोडे दूर उभे राहिले की मार्ग दिसतो.

३. चूक एका दिवसाची, शिक्षा आयुष्याची नको
माझा संकल्प डोशाने मोडला नाही. ‘काहीच पूर्ण होत नाही’ या वाक्याने मोडला. एक दिवस बुडाला होता, तीन आठवडे मी बुडवले.

आज काय कराल?
आपला संकल्प ‘मी करतो’ किंवा ‘मी करत नाही’ अशा शब्दांत लिहा. खाली, चुकलेल्या दिवशी स्वतःला सांगायचे एक वाक्यही लिहून ठेवा. माझे वाक्य आहे : “आज राहिले; उद्या सहा वाजता बस.”

मित्र आजही विचारतात. मी म्हणतो, “सातच्या आधी मी बाहेर पडत नाही.” आता तेच सातपर्यंत थांबतात.