फुलदाणीसाठी कॉसमॉस

कॉसमॉस मूळचा मेक्सिकोचा, पण आपल्या हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत चांगला येतो. पावसाचा जोर ओसरल्यावर गादीवाफ्यावर बी अर्धा सें.मी. खोल पेरावे. पुढे रोपांत ३० सें.मी. अंतर ठेवावे.

शेतकरी बंधूंनो, शेणखत व युरिया भरपूर घालण्याचा मोह आवरा. नत्र जास्त झाले की झाड पाल्यावर जाते, लोळते आणि फुले थोडी, तीही उशिरा येतात. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा. बगलफुटी येऊन फुलदांडे वाढतात.

पाकळ्या उलगडू लागताच सकाळी लवकर दांडा कापून पाण्यात ठेवावा. पूर्ण उमललेले फूल फार टिकत नाही. नारिंगी-पिवळ्या कॉसमॉसचे बी मात्र बागेबाहेर जाऊ देऊ नका. पुण्याच्या टेकड्यांवर तो तणासारखा माजला आहे.