किल्ला सर्वांचा, फोटो कुणाचा?

प्रश्न : वसईत माझी खानावळ आहे. फेसबुकवरचा वसई किल्ल्याचा फोटो छायाचित्रकाराच्या नावासह आमच्या पेजवर टाकला. आता ते पैसे मागतायत. द्यावे लागतील का?

उत्तर : बहुधा हो. चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९ मध्ये जिंकलेला किल्ला कुणाच्या बापाचा नाही, हे खरं. पण १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा हक्क सहसा काढणाऱ्याचा, तोही त्याच्या हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. नाव देणं हे सौजन्य, परवानगी नव्हे. त्यात तुमचा वापर धंद्यासाठी! मूळ पोस्ट नुसती शेअर केली असती तर सहसा भागलं असतं. डाउनलोड करून पुन्हा टाकलात, तिथे फसलात. फोटो लगेच हटवा, मग मोबदल्याचं बोला. आकडा अवाच्या सवा असेल तर घासाघीस जरूर करा.